सोपा कुणासाठी?

शनिवारी पहाटे बस, दुपारी चढाई, रात्री कोकणकड्याजवळ तंबूत मुक्काम, रविवारी संध्याकाळी घरी. चहा, नाश्ता, दोन जेवणं, तंबू, स्लीपिंग बॅग, सगळं पैशांत धरलेलं. आणि जाहिरातीच्या खाली ठळक अक्षरांत: ‘नवख्यांसाठी सोपा ट्रेक’.

सोपा कुणासाठी?

हरिश्चंद्रगडच घ्या. अकोले तालुक्यातल्या पाचनईतून निघालात तर वाट मळलेली, रमतगमत तीन तासांत माथा. जुन्नरच्या खिरेश्वरातून तोलारखिंडीने आलात तर खिंडीच्या वर कातळटप्पा आणि पुढे संपता न संपणारी चाल. मुरबाडच्या बेलपाड्यातून नळीची वाट धरलीत तर अख्खा दिवस खर्ची, सोबत दोर आणि तो वापरता येणारा माणूस हवाच. गड तोच, १,४२४ मीटरचा. तीन जिल्ह्यांतून तीन वाटा आणि तीन उत्तरं.

जाहिरातीत मात्र नुसतं गडाचं नाव!

बरं, पाचनईचीच वाट धरू. जुलैत तिच्यावर पाणी वाहतं आणि शेवाळलेल्या दगडावर बूट टिकत नाही. एप्रिलमध्ये कातळ तापतो आणि दोन लिटर पाणी निम्म्या वाटेत संपतं. डिसेंबरात सहा वाजले की सूर्य गेला. मग सोपी कोणती, वाट की तारीख?

आणि माणसं किती? दहा असतील तर तो ग्रुप. साठ असतील तर ती वरात, आणि वरातीत मागे कोण राहिलं, हे पुढच्याला कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी तोलारखिंडीच्या वर एक मुलगी दगडावर एकटीच बसलेली दिसली. बूट नवे कोरे, बाटली रिकामी. ग्रुप पुढे गेला होता. मी पाणी दिलं. घोट घ्यायच्या आधी तिने विचारलं, “माझ्यामुळे सगळ्यांना उशीर होतोय का?”

चूक आयोजकाची आणि अपराधी ती?

रांगेचं गणित नीट बघा. पुढचे दणादण चढतात, झाडाखाली टेकतात, पाणी पितात, फोटो काढतात. पंधरा मिनिटांनी शेवटचा धापा टाकत पोचतो. तो पोचला की लगेच हाक येते: “चला, सगळे आले, निघू या!” विश्रांतीची ज्याला सर्वांत जास्त गरज, ती नेमकी त्यालाच मिळत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा. किती जणांमागे एक लीडर? रांगेच्या शेवटी कोण चालणार? प्रथमोपचार कोण शिकलंय? दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचणार का? उत्तर म्हणून ‘डोन्ट वरी’ आलं, तर काळजी तिथूनच सुरू करा.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, असं त्यात आहे. नोंदणी आहे का, हे विचारायला एक वाक्य लागतं. जेवण व्हेज आहे का, हे आपण तीनदा विचारतो.

आणि आयोजकाने तुम्हाला काय विचारलं? दमा आहे का, गुडघा दुखतो का, गेल्या महिन्यात सलग दोन तास तरी चाललात का? यातलं काहीच न विचारता ज्याने पैसे घेतले, त्याने तुमच्यात फक्त बसमधली एक सीट पाहिली.

आता मुक्काम. गडावरचा कोकणकडा पाहावा तो पोटावर झोपून, काठापासून अंग मागे ठेवून. त्याच्या पोटातली खोली एकदा पाहिलेला माणूस बोलायचं विसरतो. म्हणून काय तंबूही काठालाच लावायचा? रात्री दोनला लघवीसाठी उठलेल्या नवख्याच्या डोळ्यांवर झोप, समोर धुकं आणि पायाखाली अनोळखी जमीन. तंबू चांगला आत लावा. दृश्य तंबूला बघायचं नाही, तुम्हाला बघायचंय, आणि सकाळीही ते तिथेच असतं.

थंडीबद्दलही एक गैरसमज आहे. सगळे स्लीपिंग बॅग किती जाड, ते चाचपतात. अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही आणि जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. खाली चांगली चटई हवी. चटईचं कुणी विचारत नाही आणि पहाटे चारला सगळे कुडकुडतात.

मग शेकोटी पेटवायची, नाही का? नाही! हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. इथलं लाकूड तुमच्या गाण्याच्या भेंड्यांसाठी वाढलेलं नाही. स्पीकरही नको. रात्रीचं रान ऐकायला शहर सोडून आलात ना?

सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. धुराने माश्या उठतात, उग्र अत्तरानेही चवताळतात. सपाटीवर माणूस पळू तरी शकतो. कड्यावर पळणार कुठे?

हे सगळं ज्याला पाठ असतं, तो माणूस पायथ्याच्या गावातच राहतो. आभाळाकडे एकदा बघून तो म्हणतो, “आता उतरा, पाणी येतंय.” त्याला आपण मामा म्हणतो, त्याच्या घरची पिठलं-भाकरी खातो आणि गाइडचे पैसे ठरवताना शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. मामाला सोबत घ्या आणि सांगेल तेवढे पैसे द्या. तो नसल्याची किंमत याहून कितीतरी मोठी असते.

ती किंमत कोण मोजतं, हेही पाहा. कुणी दरीत घसरलं की लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या पथकांतली पोरं आपापलं काम टाकून धावतात. दोर, स्ट्रेचर, बॅटऱ्या, पाऊस, रात्र. मानधन नाही. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

याचा अर्थ घरी बसा, असा नाही. जरूर जा! गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात एकदा पाय बुडवा. पोराबाळांना न्या, पन्नाशीतल्या मावशीलाही न्या. गड दमेकऱ्यालाही परवानगी देतो, फक्त वेळ मागतो.

चांगला लीडर ओळखायचा कसा? त्याने किती गड केले, ते विचारू नका. किती वेळा अर्ध्यातून परत फिरला, ते विचारा. ज्याला एकही वेळ आठवत नाही, त्याच्या मागे नवख्याने जाऊ नये.

आणि रविवारी परतताना ट्रेक सोपा होता का, हे बसमध्ये पुढे गाणी म्हणणाऱ्यांना विचारू नका. रांगेत शेवटी जी चालत होती, तिला विचारा.

पुढच्या वेळी तिला सर्वांत पुढे चालू द्या. सगळ्यांचा वेग तिच्या पावलाने ठरू द्या.

त्या दिवशी खुशाल लिहा: नवख्यांसाठी सोपा.