नारळ उभा राहिला!

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यात ऊर्जातज्ज्ञांची टंचाई नाही. पाण्याची असते, थ्री फेज लाइनची असते, सोयाबीनला बरा भाव देणाऱ्या व्यापाऱ्याची तर बारमाही असते. पण होर्मुझच्या सामुद्रधुनीतून किती तेल जाते हे सांगणारा माणूस चहाच्या टपरीवर केव्हाही सापडतो. जून २०२५मध्ये इराणवर बॉम्ब पडले तेव्हा टपरीवर एकमुखाने ठरले की कच्चे तेल आता शंभर डॉलरची वेस ओलांडणार. लंडन-न्यूयॉर्कच्या कितीतरी जाणकारांनाही हीच धास्ती होती. दोन आठवड्यांत शस्त्रसंधी झाली आणि भाव सत्तरच्या खाली उतरला. टपरीने विषय बदलून पीकविम्याचा घेतला. जाणकारांनी नवा अहवाल काढला.

टपरीला कमी लेखण्याचे कारण नाही. मे २००८मध्ये गोल्डमन सॅक्सच्या विश्लेषकांनी तेल दीडशे ते दोनशे डॉलरवर जाऊ शकते असे सांगितले. जुलैत ते १४७वर गेले आणि डिसेंबरात चाळिशीच्या खाली घसरले. २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकेत वायदेबाजारातला भाव पिंपाला उणे ३७.६३ डॉलर झाला. म्हणजे तेल न्या आणि वरून पैसेही न्या! हे भाकीत साखरखेर्ड्याने काही केले नव्हते. इथल्या ट्रॅक्टरवाल्याला त्या उणे भावाची मजा फक्त मोबाइलवर बघता आली, कारण मे महिना उजाडताच केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरचा १३ रुपयांनी वाढवला. स्वस्ताई विहिरीपासून निघाली ती दिल्लीतच मुक्कामाला थांबली.

जमिनीखालचे ओळखण्याचा धंदा या भागाला नवा नाही. बोअर घ्यायचा तर आधी पानाड्या बोलावतात. तो तळहातावर नारळ आडवा धरून शेतभर फिरतो. नारळ उभा राहिला की खुणेचा दगड ठेवतो, किती फुटांवर पाणी आहे तेही सांगतो. खाली नुसती धूळ निघाली तर त्याचे उत्तर तयार असते: गाडी दोन हात बाजूला लागली.

तेलवायूच्या क्षेत्रात या दोन हातांना ‘भूगर्भरचनेची गुंतागुंत’ म्हणतात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या रिलायन्सच्या डी-६ क्षेत्रातून एप्रिल २००९मध्ये वायू निघू लागला. दिवसाला ८ कोटी घनमीटरचा बेत होता. ६ कोटींच्या आसपास पोचून उत्पादन उतरणीला लागले आणि २०१३पर्यंत दीड कोटीच्याही खाली आले. त्याच खोऱ्यात गुजरात सरकारच्या कंपनीला २० लाख कोटी घनफूट वायू सापडल्याची घोषणा २००५मध्ये वाजतगाजत झाली. पुढे हिशेब साधारण दहाव्या हिश्श्यावर आला आणि २०१७मध्ये ते क्षेत्र सरकारी ओएनजीसीने विकत घेतले. पानाड्याचा नारळ इतका चुकला तर शेतकरी त्याची बिदागी बुडवतो. त्याचे कोरडे बोअर विकत घ्यायला दुसरा शेतकरी धावत येत नाही.

वायूचे नाव निघाले की जुन्या माणसांना एनरॉन आठवतेच. या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने १९९३मध्येच सांगून कर्ज नाकारले. १९९५च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने तो अरबी समुद्रात बुडवण्याची गर्जना केली. सत्ता आली, करार रद्द झाला, पुन्हा बोलणी झाली आणि समुद्रात जायचा प्रकल्प आधीपेक्षा मोठा होऊन परत आला. १९९९मध्ये वीज सुरू झाली, ती इतकी महाग की राज्य वीज मंडळाची छाती दडपली. २००१मध्ये वीजकेंद्र बंद पडले आणि वर्षअखेरीस खुद्द एनरॉनने दिवाळे काढले. नंतर सरकारी कंपन्यांनी हे केंद्र पदरात घेतले आणि त्याला वायू लावून दिला तो कृष्णा-गोदावरीचा! तो आटल्यावर २०१३मध्ये दाभोळची चाके पुन्हा थांबली. एका तज्ज्ञाच्या अंदाजावर दुसऱ्या तज्ज्ञाने अंदाज बांधला की असे दुमजली काम होते.

आता न्यायाने बोलायचे तर मुंबई हायचेही बोलले पाहिजे. भारतात तेल मिळेल यावर पाश्चात्त्य कंपन्यांचा फारसा भरवसा नव्हता. साठच्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या रशियन जहाजाने मुंबईजवळचा समुद्रतळ तपासला, ओएनजीसीने जपानात बांधलेले ‘सागर सम्राट’ आणले, फेब्रुवारी १९७४मध्ये तेल लागले आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. त्या तंत्रज्ञांनी मुलाखती कमी दिल्या आणि भोके जास्त पाडली. सरकारने ‘सागर सम्राट’चे चित्र एक रुपयाच्या नोटेवर छापले. गावातल्या दुकानात रुपयाच्या सुट्ट्याऐवजी चॉकलेट मिळते, त्यामुळे हे राष्ट्रीय यश बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटले.

मग साखरखेर्ड्याच्या खाली काय आहे? नकाशा पाहिला तर हुरूप येतो. देशातल्या २६ गाळखोऱ्यांच्या यादीत दख्खनचे खोरेही आहे, अर्थात सर्वांत खालच्या, तिसऱ्या वर्गात. ज्वालामुखीच्या कातळाखाली जुना गाळ असेल, गाळात तेल असेल, अशी ही आशा आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडले. ३३८ मीटर कातळ फोडल्यावर हाती जेमतेम काही मीटर गाळ लागला आणि त्याखाली थेट ग्नाइसचा कठीण पायाखडक. जमिनीखालच्या अंदाजांचे काय होते याची आणखी खात्री हवी असेल तर शेजारच्या तालुक्यात लोणार आहे. ते विवर ज्वालामुखीचे, असे मानणाऱ्या विद्वानांची दीडशे वर्षे रांग होती. तळात भोके पाडून दगड तपासल्यावर १९७३मध्ये निष्कर्ष निघाला की हे आकाशातून आले. वरून आले की खालून, एवढ्याच मुद्द्यावर मतभेद होता.

मोठ्या घडामोडी साखरखेर्ड्याला खेटून जातात, ही रीत जुनीच आहे. ऑक्टोबर १७२४मध्ये निजामाने इथेच मोगल सुभेदार मुबारिझ खानाला लढाईत मारले आणि त्यातून हैदराबादचे राज्य उभे राहिले. गावाला काय मिळाले? फत्तेखेर्डा हे नाव. तेही गावाने वापरले नाही.

आता गावाच्या सिंदखेड राजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि त्याच्या कडेला ३ मीटरच्या पट्ट्यात ‘गेल’ या सरकारी कंपनीची मुंबई-नागपूर वायुवाहिनी. लांबी सुमारे ७०० किलोमीटर, व्यास २४ इंच. टपरीवर लगेच चूल विझवण्याचे बेत झाले. घरोघरी सिलिंडर आहे, पण तो संपला की पऱ्हाटी, तुराटी आणि गवऱ्यांचाच आधार. तेव्हा नळाने गॅस आला तर कोणाला नको? एका गृहस्थांनी पाइपाला ‘टी’ बसवून कनेक्शन घेण्याची तोड काढली, कॅनॉलला सायफन टाकतात तशी. प्रत्यक्षात मुख्य वाहिनीतला वायू प्रचंड दाबाखाली धावतो. तो काढायला ठरावीक जागी फाटा लागतो, दाब उतरवणारे केंद्र लागते, गळती कळावी म्हणून वास मिसळावा लागतो, मग वितरणाचे जाळे आणि ते जाळे परवडेल इतके ग्राहक. हे सगळे ऐकून गृहस्थ तुराट्या मोडायला घरी गेले.

बाकीच्यांची चर्चा चालूच राहिली, कारण एका गोष्टीवर टपरी आणि तज्ज्ञ यांचे प्रथमच खरे ठरणारे एकमत झाले होते. तालुक्यात जमिनीखाली वायू नक्की आहे अशी जागा एकच, त्या पाइपाची. नारळ नको, सर्वेक्षण नको. खुणेचे खांबही रोवलेले आहेत. आणि नेमके तिथेच विहीर, बोअर, खोदकाम सगळ्याला मनाई आहे.