दिपकाडी ओळखण्याची सोपी रीत

सर्वप्रथम रत्नागिरीकडे एखादा नातेवाईक गाठावा. लांबचा चालेल, घर मात्र सड्याजवळ हवं. दिपकाडी ही रानलिली कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळावर फुलते. पुण्यामुंबईच्या गॅलरीत पहिल्या पावसाला फुलणारी गुलाबी लिली वेगळी, ती अमेरिकेकडची पाहुणी. मात्र तिला ‘आपली गावठी’ म्हणणाऱ्या यजमानीणबाईंना हे चहा होण्याआधी सांगू नये.

जायचं जूनमध्ये, पाऊस नीट लागल्यावर. मे महिन्यात नुसता तापलेला तवा दिसतो. ऑगस्टमध्ये गेलात तर यजमान म्हणतात, “अहो, काय फुललं होतं म्हणून सांगू!” हे वाक्य मी लागोपाठ तीन वर्षं ऐकलं आहे.

सड्यावर पोचल्यावर चष्मा पुसा. कातळाच्या खळग्यात जेमतेम माती साचलेली असते, कांदा तिच्यात. वर गवतासारखी अरुंद पानं, मधून सरळ दांडा, त्यावर पांढरीशुभ्र फुलं. आता पोटावर झोपा. हो, चिखलातच. पाकळ्या सहा मोजा. आतल्या तीन एकमेकींना धरून नळी करतात, बाहेरच्या तीन रुसल्यासारख्या मागे वळतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे लगेच ओळखू येतं. फुलं हिरवट असतील तर ती दिपकाडीचीच दुसरी बहीण. फूल चांगलं मोठं आणि पाकळीवर गुलाबी पट्टा असेल तर तो गडांबी कांदा. त्याची बीजकोशाची गाठ फुलाच्या खाली असते, दिपकाडीची फुलाच्या आत.

तुम्ही असे पडलेले असताना गुरांमागची एखादी आजी हटकून विचारते, “काय सांडलं काय रे?” दिपकाडी बघतोय म्हणावं. “रानकांदा होय!” म्हणून ती पुढे जाते. वाद घालू नये. जमिनीत कांदा आहे आणि भाजीत पडत नाही, ते सगळं तिच्या लेखी रानकांदा. शास्त्रज्ञांचं तरी कुठे ठरतंय? 1850 साली डालझेल नावाच्या साहेबाने हिच्या शास्त्रीय नावात कोकण घातलं, ते तेवढं टिकलं. प्रजाती बदलली, पुढे कूळही बदललं, आणि आता ही लिलीच्या घरातून निघून शतावरीच्या घरी नांदते.

शेवटची पायरी, म्हणजे खणून कांदा बघणं, गाळावी. आमच्या मेहुण्यांनी ती गाळली नाही. खात्रीसाठी उपटलेला कांदा त्यांनी घरी आणून कुंडीत लावला. पावसाळा संपला की ही पानं वाळतात आणि कांदा कोरड्यात झोपून राहतो, हे त्यांना मान्य नव्हतं. रोज सकाळी तांब्याभर पाणी. कांदा कधीच कुजला. पुढची दोन वर्षं ते दिपकाडीची पानं म्हणून पाहुण्यांना गवत दाखवत होते.