भाऊंचा शर्ट वर का जातो?

कुठल्याही हळदीला जा, भाऊंचा शर्ट वर गेलेला असतो. आहेराचं पाकीट काढायला खिशात हात घातला, शर्ट वर. आजीबाईंच्या पाया पडायला वाकले, शर्ट वर. फोटोग्राफर ‘थोडं जवळ या’ म्हणाला, शर्ट वर. बाकी देह बटणं ताणून ताणून शर्टात कोंबलेला, पण उजव्या कमरेवरचा वीतभर भाग मात्र कायम हवेशीर. तिथे भाऊंचं लायसन्सचं पिस्तूल असतं.

2016 च्या शस्त्र नियमांत लिहिलंय की, पिस्तूल चारचौघांत न्यायचं तर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर नीट ताबा हवा. उगारायचं नाही, उडवायचं तर नाहीच. नियम मोडला तर परवाना रद्द होऊ शकतो. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने भाऊंच्या कमरेला काय आहे हे मांडवात कुणाला कळताच कामा नये. इथे वाढप्यालासुद्धा कंपनी माहीत!

पण झाकून भाऊंना ते परवडणार कसं? अर्जात कारण दिलेलं असतं, ‘जिवाला धोका’. कुणापासून, ते आम्ही विचारत नाही. गल्लीतल्या बाकीच्यांना कुणापासून आहे ते ठाऊक आहे. त्यात टेलर मुरलेले. ‘भाऊ, उजवीकडचा कट जरा वर घेऊ का?’ असं ते आपणहून विचारतात. परीट कपड्याला इतकी खळ घालतो की एकदा वर गेलेली कड पुढचा मुहूर्त लागेपर्यंत खाली येत नाही. होल्स्टर भाऊ वापरत नाहीत, त्यात पिस्तूल अर्धं झाकलं जातं. ते थेट लेंग्यात खोचलेलं असतं, नाडीच्या आधाराने. चापावर चुकूनही काही अडकू नये म्हणून होल्स्टर असतं, हे भाऊंना कोण सांगणार? आत गोळी भरलेली, चापाशेजारी नाडीची गाठ, आणि नळीचं तोंड भाऊंच्या वंशवृद्धीकडे. पंगतीला मांडी घालून बसताना ते टोचतं, म्हणून भाऊ ते काढून पेढ्यांच्या ताटाशेजारी ठेवतात. नीट ताबा मग यजमानांच्या चार वर्षांच्या नातवाकडे जातो.

आणि आमच्यासारख्यांची काय कथा? मॉलच्या दारात वॉचमन आमचा डबा उघडून आत पोळीच आहे ना, याची खात्री करतो. भाऊ आले की दारातलं यंत्र बोंबलतं आणि तोच वॉचमन सलाम ठोकतो. डब्यातली पोळी या राज्यात अधिक संशयास्पद आहे.

निवडणुकीत भाऊंना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. ते जमा करायलाही भाऊ मिरवणुकीने जातात. मग निकाल लागेपर्यंत शर्ट खाली, आणि कार्यकर्ते काळजीने विचारतात, ‘भाऊ, तब्येत बरी आहे ना?’

इथवर हसून घेतलं. पण पुढे डीजे चढतो, कुणीतरी ‘भाऊ, होऊन जाऊ द्या’ ओरडतं आणि भाऊ आकाशात बार काढतात. गोळी ढगात विरघळते असा त्यांचा समज असावा. ती खाली येते हो! शेजारच्या गच्चीवर पापड उचलणाऱ्या बाईवर येते, नाहीतर मांडवामागे पातेली घासणाऱ्या पोरावर येते. भाऊंवर कधी आलेली ऐकिवात नाही. लोकांचा जीव धोक्यात घालून अशी हर्षफायरिंग केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद 2019 साली कायद्यात आली. कैदेचं पुढे बघू. लाखभर रुपये भाऊ वाढदिवसाच्या बॅनरवर उडवतात, त्या बॅनरवरही शर्ट वर गेलेलाच असतो.

मग हवालदार येतात. शंभर मोबाइल शूटिंग करत होते, त्यातल्या एकालाही काही दिसलेलं नसतं. भाऊंकडे पिस्तूल होतं? ‘छे हो साहेब, आम्ही तर कधी पाहिलं नाही.’ नियमात म्हटलेलं पूर्ण झाकलेलं पिस्तूल ते हेच. पातेली घासणाऱ्या पोराच्या दंडाला फटाका लागला, असं लिहून घेतलं जातं. फटाका उडवायला लायसन्स लागत नाही.