ताडोबाला मंगळवारची सुट्टी

मराठी प्रवासवर्णनकारांनी हिमालय संपवला, युरोप संपवला, आता अंटार्क्टिकावरही पुस्तकं निघतात. तुकूम ते गांधी चौक या प्रवासावर मात्र कोणी कधी ओळ लिहिल्याचं आठवत नाही. अंतर म्हणाल तर किरकोळ आहे. पण मे महिन्यातल्या चंद्रपुरात पारा 47 अंशांशी सलगी करत असताना घराबाहेर जेवायला जाणं ही मोहीमच असते. दिवसभर माणसं कूलरसमोर बनियनवर पडून राहतात. सूर्य बुडाल्यावर अंगणात पाणी मारतात, भिंतींना हात लावून त्या निवल्या का ते बघतात आणि मगच चपला शोधतात. घड्याळाचं काय ते असो, आमची संध्याकाळ साडेआठला होते.

मोहिमेचे नेते मास्तर. मूळचे आरमोरीकडचे. सारी नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या शाळांमध्ये झाली आणि निवृत्तीनंतर दुर्गापूरच्या वाटेला, वीज केंद्राच्या अंगाला त्यांनी घर बांधलं. तरुणपणी त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली होती. दिवाळी झाली, धान घरात आलं की वडशाच्या कंपन्या गावोगाव निघायच्या. रात्री उशिरा पडदा उघडायचा तो पहाटेच पडायचा. शेवटच्या रांगेत ब्लँकेट पांघरून बसलेल्या माणसापर्यंत पोचावा म्हणून कमावलेला आवाज मास्तरांनी निवृत्तीनंतरही परत केलेला नाही. त्यांच्याशी खासगी बोलायचं तर दोघांनी जंगलात जावं लागतं, आणि तिथेही फक्त माणसांपासूनच गुप्तता मिळते.

मास्तरांची स्कूटर आणि मागे मी, असे आम्ही निघालो. पहिला अवघड टप्पा जटपुरा गेट. गोंड राजांनी गावाभोवती परकोट घातला, त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे ठेवले, शिवाय पाच खिडक्या. अंबारीसकट हत्ती आत जावा एवढा विचार त्यांनी केला होता. एका बाजूने वरात, दुसऱ्या बाजूने ऑटो आणि मधोमध ‘मी आधी’ म्हणणारा ट्रॅक्टर येईल, याची कल्पना मात्र त्यांना कोणी दिली नसावी. दरवाज्याच्या तोंडाशी आम्ही अडकलो ते अडकलोच. मास्तरांनी स्कूटर बंद केली आणि मागे वळून मला राजघराण्याचा इतिहास सांगायला घेतला. पुढचा ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून ऐकू लागला, त्यामुळे कोंडी आणखी वाढली.

आमचं भोजनालय परकोटाच्या आत, गांधी चौकाच्या पुढे एका बोळात आहे. पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी व मांसाहारी’ असं लिहिलंय आणि आजवर कोणाला त्यात काही खटकलेलं नाही. 1 एप्रिल 2015 ला जिल्ह्यात दारूबंदी आली, तेव्हा मालकाने मागची अंधारी खोली झाडून घेतली, ट्यूबलाइट लावली, दारावर ‘फॅमिली’ असं रंगवलं. 2021 मध्ये बंदी उठली, पण तोवर फॅमिल्यांना ती खोली इतकी आवडली होती की त्या उठायला तयार होईनात. मधल्या सहा वर्षांत चंद्रपूरकरांचा भूगोल फार सुधारला होता. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो, हे शाळेत न शिकलेली माणसंही अचूक सांगत. मास्तरांना यातलं सुखदुःख नव्हतं. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, आणि त्यांच्या मते ज्याला रस्सा प्यायचा आहे त्याने दुसरं काही पिऊच नये.

“मास्तर, आज सोमवार हाय. चालते ना?” पोऱ्याने फडका मारत विचारलं.

“कोंबड्याले वार नसते रे. गावरानी आन. आन तर्री वरतून मार.”

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. नवरा, बायको आणि सात-आठ वर्षांचा मुलगा. नवऱ्याच्या अंगावर पानापानांचे छाप असलेला शर्ट, डोक्यावर तसलीच टोपी आणि पुढ्यात कॅमेरा. त्याची लेन्स एवढी लांब, की तिच्यासाठी चौथी खुर्ची घेतलेली. तिघांची तोंडं मात्र उतरलेली. ती ठाण्याहून आली होती, हे आम्हाला पाचव्या मिनिटाला कळलं. तीन सफाऱ्यांत चितळं, सांबरं, गवे आणि पाठमोरं अस्वल दिसलं, हे सहाव्या. मास्तरांनी विचारलं की माणूस सांगून टाकतो, कारण तोवर अख्खं हॉटेल उत्तराची वाट बघत असतं.

“वाघ नाही दिसला म्हणून तोंड पाडून बसले का? अवो, आमी दिसला तर तोंड पाडतो!”

“तुम्ही पाहिलाय?” मुलाने विचारलं.

मास्तरांनी रस्स्याची वाटी बाजूला सारली. व्याहाडच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे, सकाळच्या शाळेला सायकलने जात असताना रस्त्यात वाघ बसला होता. बरं, तो काही करत नव्हता, नुसता बसला होता. मास्तरही लांब उभे राहिले. वाघाला घाई नव्हती, मास्तरांना शाळा होती. शेवटी तो उठला, अंग ताणलं आणि धानाच्या बांधावरून निघून गेला. हजेरीपटात मास्तरांनी उशिराचं कारण ‘वाघ’ असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी खाली शेरा मारला, ‘पुरावा जोडावा.’

“मग?”

“मग काय, दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकच उशिरा आले. कारणाच्या रकान्यात लिवलं, ‘सदर.’”

हॉटेल हसलं. बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे किती सहज बोलतात हो वाघावर!”

मास्तरांचा आवाज तेव्हा प्रथमच खाली आला. “सहज नाही बाई. एप्रिलात बाया पहाटे मोहफुलं वेचाले जातात, मंग तेंदूपत्ता तोडाले. वाकलेलं माणूस वाघाले माणूस वाटत नाही. जिप्सीत बसून पायन्याची गोष्ट अलग हाय.” क्षणभर सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं. गल्ल्यावरचा मालक पैसे मोजता मोजता थांबला.

वातावरण सावरायला ठाणेकर पोऱ्याकडे वळले. “इथलं स्पेशल काय आहे?”

“पनीर टिक्का, पनीर बटर मसाला, पनीर चिली.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. “अबे, पनीर काय झाडीत उगवते काय?” आणि त्यांनी वडाभातावर भाषण सुरू केलं. डाळी भिजवायच्या, भरड वाटायच्या, वडे तळायचे, वाफाळत्या भातावर कुस्करायचे, मग लाल मिरच्यांची कडकडीत फोडणी वरून ओतायची आणि सोबत कढी घ्यायची. वर्णन असं रंगलं की पलीकडच्या टेबलाने पनीरची ऑर्डर रद्द केली. मालकाने आमच्याकडे पाहिलं. त्या नजरेतला मजकूर छापण्यासारखा नव्हता.

“इथे मिळतो?” ठाणेकरांनी उत्साहाने विचारलं.

“नाही. थो घरीच होते.”

तोवर त्यांचं जेवण आलं होतं. बाईंनी भाताचा घास घेतला आणि कौतुकाने म्हणाल्या, “भात किती सुरेख आहे! बासमती का?”

पोऱ्या ताबडतोब टेबलापासून दोन पावलं मागे सरकला. त्याला अनुभव होता.

“बासमती?” मास्तर उभे राहिले. “बाई, हा एचएमटी हाय. आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी काढलेला. शेतात वेगळ्या ओंब्या दिसल्या, त्या निवडल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या. त्या काळात मनगटावर एचएमटीचं घड्याळ म्हणजे मोठी गोष्ट, म्हणून तांदळाले तेच नाव. 2010 मध्ये ‘फोर्ब्स’नं त्याईचं नाव छापलं. आता घड्याळाचा कारखाना बंद पडला, तांदूळ चालूच हाय!” शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. मास्तरांनी सवयीने प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला.

ठाणेकरांनी भात दुसऱ्यांदा मागवला. आता त्यांचे चेहरे बरेच उजळले होते. तेवढ्यात बाईंना आठवलं, “उद्या काय करायचं हो? मंगळवार आहे. ताडोबा बंद.”

“बंद तर बंद,” मास्तर म्हणाले. “उद्या आमच्या घरी या, वडाभात खाले.” मी टेबलाखालून पाय दाबला, पण तो टेबलाचाच निघाला. मास्तरांनी फोन लावून स्पीकरवर टाकला होता. वहिनींच्या उत्तराकडे आता सगळं भोजनालय कान लावून होतं.

“रातच्या दहाले सांगता? डाळी भिजू घालाव्या लागतात ना!” मग थोडं थांबून, “किती जन हायत?”

“तिघं. लेकरू हाय एक.”

“मंग तीन वाट्या घालतो. आन त्याईले म्हना, समोरच्याच दारानं या. सांजेपासून मागल्या भिंतीकडं पाहून कुत्रे भुकून राहिले. नाल्यातून थो पुन्हा आला वाटते.”

ठाणेकरांचा घास हातातच राहिला. मुलगा मात्र खुर्चीवर उभा राहिला. “पण उद्या तर मंगळवार आहे ना? वाघांना सुट्टी!”

“सुट्टी ताडोब्यातल्याले, बाबू,” मास्तर हात धुवायला उठत म्हणाले. “आमच्याकडचा रोजंदारीवर हाय.”