खंबाटकीतली शिट्टी

पुण्याहून कोल्हापूरला, अंबाबाईच्या दर्शनाला, आम्ही चौघं निघालो तर डिकी आधीच भरलेली. भाच्यानं तिथं सबवूफर ठोकला होता. त्यामुळे बूफर ऐसपैस आणि बॅगा आमच्या मांडीवर. पुढच्या सीटखाली अॅम्प. "मामा, १०० वॉट!" गाडी सुरू झाली तशी नंबरप्लेटही खुळखुळायला लागली.

कात्रजचा बोगदा ओलांडला तरी कानावर नुसतं धुडुमधुडुम. आत्या मात्र भक्तिगीत समजून टाळ्या वाजवत होती. खंबाटकी घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि गाण्यामागून बारीक शिट्टी निघाली. इंजिन रेटलं की शिट्टी चढे, क्लच दाबला की उतरे.

"मागं कुकर लावलायस का रे?" आत्यानं विचारलं.

घाट उतरून सुरूर फाट्याजवळ एका इलेक्ट्रिशियनच्या टपरीपुढे थांबलो. "अल्टरनेटर ओरडतोय," बॉनेट न उघडताच निदान झालं. भाच्यानं अर्थिंगची वायर पत्र्यावरच्या रंगावरच आवळली होती. मिस्त्रीनं रंग खरवडून पत्रा उघडा केला, वायर पुन्हा आवळली आणि बॅटरीच्या जाड वायरीला चिकटून आलेली आरसीए केबल दुसऱ्या बाजूनं नेली. शिट्टी थांबली.

"भात झाला म्हणायचा," आत्या म्हणाली.

मग अॅम्पचा गेन. तो भाच्यानं शेवटपर्यंत पिळलेला. "मालक, हे आवाजाचं बटण नाही. डेककडून जेवढे व्होल्ट येतात, त्याच्याशी अॅम्प जुळवायचा." मिस्त्रीनं बेस बूस्ट शून्यावर आणला, लो-पास ८० हर्ट्झवर ठेवला, बूफरनं घुमायचं, गायचं नाही. डेकचा आवाज पाऊण केला, बूफरच्या वायरी सोडल्या, ५० हर्ट्झचा सूर लावला, त्यांच्या जागी एसी व्होल्टवर मल्टिमीटर लावला. १०० वॉट गुणिले बूफरचे ४ ओहम, झाले ४००, वर्गमूळ २०. दहावीत वर्गमूळाचा उपयोग विचारणारा भाचा आता उकिडवा बसून गेनचा नॉब केसभर फिरवत होता. २० व्होल्ट दिसताच मिस्त्री म्हणाला, "बास! याच्या पुढं लाटेची टोकं छाटली जातात, आवाज फाटतो, कॉइल तापते." बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

साताऱ्याच्या आतच गाण्यातला शब्दन्‌शब्द ऐकू यायला लागला. टाळ्या थांबल्या. आत्याच्या भक्तिगीतातली नायिका पदर सांभाळत भलत्याच माडीवर चढत होती.

"बंद कर ते!"

पुढे कऱ्हाडपर्यंत आत्या एकटीच बोलली. अॅम्प बंद होता, तरी एकही शब्द फाटला नाही.