आवाज घे, तोंड नको घेऊ

"त्या पोट्टीनं म्हणते लाकडाच्या डेपोत आरसा नेला. खरं हाय का जी, मॅडम?"

मावशी कुंपणाशी आल्या की आधी वालाच्या शेंगा चाचपतात, मग विषय काढतात. त्या संध्याकाळी शेंगांना हातही लावला नाही, म्हणजे प्रकरण मोठं होतं.

"खरं आहे मावशी. माझ्याच कपाटाचा आरसा आहे तो."

"आत्ता गं माय! तुमीच देला? अन् इकडं सारी आलापल्ली मले इचारून रायली, तुमच्या गल्लीतल्या पोट्टीच्या डोक्याले काय झालं म्हून!"

पोट्टी म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सिस्टरबाईंची मुलगी. नागपुरात शिकली, तिथेच लग्नाच्या व्हिडिओंची काटछाट करून पोट भरत होती. आता घरी येऊन स्वतःचा पिक्चर काढते आहे, जेमतेम पंधरा मिनिटांचा. कॅमेरा म्हणजे तिचा मोबाइल. हिरोइन म्हणजे चुलतबहीण, आणि बाकी सगळं युनिट म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर आरसा धरून बसलेला धाकटा भाऊ.

"इस्टोरी काय हाय पण?"

तीच तर पंचाईत. मला कळली तेवढी सांगितली. एक मुलगी लाकडाच्या डेपोत नंबर लिहायचं काम करते. एके दिवशी सकाळी तिला कोणी ओळखेनासं होतं. म्हणजे ओळखतात सगळेच, पण प्रत्येकाला ती दुसरीच कोणी वाटते. किराणावाला तिला आपली भाची समजून तेलुगूत बोलतो. बाजाराला आलेली म्हातारी माडियात विचारते, तू कोणत्या गावची. मुलचेऱ्याकडचा मासळीवाला बंगालीत हाक मारतो. ही ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर देते, आणि दर उत्तरागणिक तिचा चेहरा थोडाथोडा पुसट होत जातो. शेवटी डेपोतल्या थप्पीत तिला एक लठ्ठा सापडतो. त्यावर तिचं नाव असतं.

मी म्हटलं, आता मावशी हसतील. त्या हसल्या नाहीत.

"यात येड्यासारखं काय हाय? माही माय सिरोंच्याची, मालक चामोर्शीकडचे, सून माडियाची. मी सैपाकघरात तीन भाषा बोलतो. रात्री झोपल्यावर कोन्त्या भाषेत सपन पडते, मलेच मालूम नाई."

आलापल्लीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चार दिशांना जाणारे रस्ते इथे भेटतात. सिरोंच्याकडून तेलंगणाचा वारा येतो, भामरागड आणि एटापल्लीकडून माडिया मंडळी येतात. फाळणीनंतर आणून वसवलेली बंगाली गावं मुलचेऱ्याकडे आहेत. खुद्द गडचिरोली जिल्हा १९८२ च्या ऑगस्टात चंद्रपुरातून वेगळा झाला. तेव्हा मोठ्या झालेल्या माणसांच्या जन्मदाखल्यावर एक जिल्हा आणि राहण्याच्या दाखल्यावर दुसरा. अशा गावात 'मी कोण' हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसतो, खिडकीपुढच्या रांगेत उभा असतो.

"अन् आरसा कायले?"

आरशाची गोष्ट मात्र आयात केलेली. अमेरिकेत १९४३ साली माया डेरेन नावाच्या बाईनं 'मेशेज ऑफ द आफ्टरनून' नावाचा चौदा-पंधरा मिनिटांचा मूकपट काढला. काळा झगा घातलेली एक आकृती त्यात चालत जाते, तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता आरसा. किल्लीचा सुरा होतो, आणि एकाच बाईच्या तीन बाया होऊन एका टेबलाशी बसतात. बरंचसं शूटिंग राहत्या घरात, कॅमेऱ्यावर नवरा. संगीत घालायचं पुढे सोळा वर्षांनी सुचलं, १९५९ साली.

"माया? कोनाची पोट्टी?"

"इथली नाही हो. जन्म कीव्हचा. लहानपणीच आईबाप घेऊन अमेरिकेला गेले. पाळण्यातलं नाव एलिओनोरा, माया हे नाव तिनं पिक्चरच्या वर्षीच घेतलं."

"नवऱ्यानं पिक्चर काढला म्हन्ता. भांडन नाई झालं?"

"पुढे काडीमोड झाला."

"मंग बरोबर," मावशी म्हणाल्या आणि वालाची पहिली शेंग तोडली.

मला स्वतःला तो आरसा पटला नव्हता, देताना मी तिला तसं म्हटलंही होतं. डेरेनबाईंचा आरसा डेरेनबाईंच्या जिन्यात शोभतो. सागाच्या थप्पीपुढे उभा केला की तो अमेरिकेतून आलेला पाहुणा वाटतो, त्याला बसायला कुठे सांगावं कळत नाही. बरं, विचित्र काही बाहेरून आणावं लागतं अशीही या मुलखाची गत नाही. कमलापूरच्या कॅम्पात वनखात्याचे हत्ती आहेत. थंडीत त्यांच्या कामाला सुट्टी असते. पायांना जडीबुटीचा गरम लेप चोळतात, त्याला चोपिंग म्हणतात. सरकारी नोकर हत्ती, पाय दुखतात म्हणून मंजूर रजेवर! हे पडद्यावर दाखवलं तर पुण्या-मुंबईचा माणूस त्याला दिग्दर्शकाची कल्पनाशक्ती म्हणेल. आपण त्याला जानेवारी म्हणतो.

शिवाय ज्या डेपोत ती आरसा घेऊन गेली, तिथे आरशाहून भारी वस्तू पडलेली होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. लठ्ठा कापतात ना, त्याच्या कापलेल्या तोंडाकडे जवळून पाहा. मधोमध गाभा, त्याभोवती वर्षांच्या रेघा, उन्हानं मधूनच फाकलेली चीर. त्यावर रंगानं घातलेला नंबर, आणि नंबराशेजारी हातोड्याचा ठसा. हातोड्याच्या तोंडावर उलटी अक्षरं कोरलेली असतात, एका घावात ती लाकडात बसतात. बोट फिरवलं की कडा लागतात. त्या ठशाशिवाय लाकूड गेटाबाहेर पडलं की ते चोरीचं. त्याचं वय किती, कोणत्या डोंगरावर उगवलं, कोणत्या पाखरांनी त्यावर घरटी केली, हे कोणी विचारत नाही. ठसा आहे का, एवढंच.

पोट्टी बराच वेळ त्या ठशावर बोट फिरवत बसली. मग भावाला म्हणाली, "आरसा घरी ने." आता तिच्या पिक्चरमधल्या मुलीच्या पाठीवर तसाच ठसा उमटतो आणि तिला तो दिसत नाही, फक्त मागून येणाऱ्यांना दिसतो. मेहंदीनं काढला. चुलतबहिणीच्या आईनं आकांडतांडव केलं ते वेगळं.

मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या निराळ्याच वळणावर गेल्या. "लाकडाचं बरं असते जी. ठप्पा लागला का ते अयोध्येले जाते. माह्या पोराले तं सारे दाखले असून बल्लारशाच्या पुढं कोनी नेलं नाई."

यावर काय बोलणार? राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये या दोन जिल्ह्यांतला साग बल्लारपूरहून वाजतगाजत गेला, तेव्हा रस्त्यात फुलं उधळणाऱ्यांत मावशींचा हा मुलगाही होता.

परवानगीचं एक वेगळंच नाटक झालं. पोट्टीला 'वनवैभवा'त एक शॉट हवा होता. भामरागडच्या वाटेवरचं सहा हेक्टरांचं जुनं राखीव जंगल, २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालेलं. एका कचेरीत अर्ज दिला. अर्जात 'चित्रीकरणाचा विषय' असा रकाना होता. तिनं लिहिलं, 'हुरहूर'. अर्ज परत आला. मग तिनं लिहिलं, 'सागवान', आणि अर्ज पुढे सरकला.

पण हुरहूर दाखवायची कशी, हा तिचा खरा गुंता होता. ठसा दिसतो, नंबर दिसतो. हुरहूर कुठे दिसते? चुलतबहिणीला तिनं खिडकीत बसवून बाहेर बघायला लावलं, तर ती एसटी चुकलेल्या बाईसारखी दिसली. तेव्हा पोट्टीनं आम्हा दोघींना कुंपणाशी एक गोष्ट सांगितली.

पायल कपाडिया. २०२४ मध्ये कानला जिच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला ग्रां प्री मिळालं तीच. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी पोचला होता.

"त्यात छाया कदम आहे, मावशी. 'सैराट'मधली आक्का."

"हाव, हाव. ते चहाच्या ठेल्यावाली मंजू माई बी तेच ना?"

"तीच."

तर या पायलबाईंनी त्याच्या सहा वर्षं आधी, २०१८ मध्ये, एक लहान फिल्म केली होती, 'अँड व्हॉट इज द समर सेइंग'. बर्लिनला दाखवली गेली. चित्रीकरण भीमाशंकरच्या जंगलाकाठी, कोंढवळ गावात. नामदेव नावाचा माणूस झाडांच्या शेंड्यांकडे बघत मध शोधतो, दुपारचा वारा सुटतो, जमिनीतून धूर निघतो. आणि गावातल्या बाया आपापल्या हातून निसटलेल्या प्रेमाच्या गोष्टी सांगतात. कुजबुजत. तोंडं दिसत नाहीत, कोणती कोणाची ते कळत नाही. पडद्यावर गाव दिसतं आणि कानात बाया.

"मंजे आपल्यासारकंच," मावशी म्हणाल्या. "कुंपनावरचं."

मला वाटतं, सगळा पिक्चर त्या एका वाक्यात होता. या भागातली बाई कॅमेऱ्यापुढे बसवली तर लेकरंबाळं, शेतीवाडी, घरकुलाचा हप्ता यापलीकडे एक शब्द बोलणार नाही. मधे ताट्याचं कुंपण असू द्या, हातात शेंगा असू द्या, नजरेला नजर नको. मग बघा काय काय निघतं ते.

निघालंही. मावशी एकदम म्हणाल्या, "आवाज घे, तोंड नको घेऊ. तं सांगतो मी एक."

पोट्टीनं मोबाइल कुंपणाच्या फटीत ठेवला, वर फडकं टाकलं.

गोष्ट मावशींच्या मामाच्या गावची. दिवाळीनंतर बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरायचा, आणि पट म्हटला की रात्री नाटक. मंडळी वडशाहून यायची. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, ही झाडीपट्टीच्या नाटकांची पेठच. तिथल्या मंडळ्या हंगामभर गावोगाव फिरतात, खेळ उजाडेपर्यंत चालतो. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागात पेढे वाटले गेले. पण मावशींची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. बायांचे पार्ट तेव्हा गडीच करत.

"त्या साली जो हिरोनीचा पार्ट करे ना, त्याचं रूप काय सांगू बाई. हिरवं लुगडं, नाकात नथ. मेल्यावर परत येऊन गाणं म्हने. आमी बाया घोंगडी पांघरून रडून रायलो. सकाळी मंडळी मामाच्या घरी जेवाले आली. मी वाढत होतो. रंग पुसल्यावर तो मले ओळखूच नाई आला. त्यानंच म्हटलं, भाजी वाढा म्हून, तवा आवाजावरून समजलं."

मग?

"मग काय. दुसऱ्या साली वाट पायली. मंडळी आली, तो नाई आला. मी तीन साल वाट पायली. पन मी कोनाची वाट पाहात होतो, त्याची का तिची, ते मले अजून नाई समजलं."

पोट्टी आणि मी दोघीही गप्प. रोहन कानवडेंची 'उ उषाचा' नावाची २०१९ ची एक छोटी फिल्म मला आठवली. शेतमजूर उषा शाळेतल्या बाईंवर जीव जडवते आणि त्यापायी अक्षरं गिरवायला लागते. याच कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला २०२५ मध्ये सन्डान्सला मोठं बक्षीस मिळालं, फिल्मस्कूलचं तोंड न पाहता. म्हटलं, मावशींना हे सांगावं. मग वाटलं, त्यांना माहीत नसलेलं यात काही नाही.

तेवढ्यात लाकडाचा ट्रक हॉर्न मारत गेला आणि अख्खं रेकॉर्डिंग बिघडलं. पुन्हा सांगा म्हटल्यावर मावशींनी पुन्हा सांगितलं. या खेपेला लुगडं लाल होतं. तिसऱ्यांदा कुत्री भुंकली, आणि चौथ्या खेपेला त्यानं जेवून उठताना एक बांगडी पाटाखाली ठेवली होती.

"आजी, खरं कोणतं?"

"सारंच खरं हाय."

मला वाटलं, पोट्टी वैतागेल. ती खूश झाली. सगळेच आवाज ठेवते म्हणाली, एकावर एक, थोडे मागेपुढे. ठसा असलेल्या पाठीवर ते चालतील, त्या लठ्ठ्यांवर चालतील. त्या डेरेनबाईनं एका बाईच्या तीन बाया टेबलाशी बसवल्या होत्या, हिच्या पिक्चरमध्ये त्या कुंपणाशी बसतील. मावशींना टेबलाचं काही कळलं नाही, पण आपला आवाज तीनदा येणार याचा त्यांना आनंद झाला.

"पैशे किती भेटते?"

"पैसे नाहीत, आजी. माझेच जाऊन राहिले."

"मंग चहा पाज."

चहा झाला. शेंगा माझ्या पदरात पडल्या. पोट्टी मोबाइल काढून घराकडे निघाली, तेव्हा मावशींना धास्तीनं गाठलं. त्यांनी तिला गल्लीच्या मध्यावरून परत बोलावलं.

"ऐक ना बाई, तोंड नाई घेतलं ते बरं केलं. पन गावाचं नाव वडसा नको ठेवू. त्याची बायको, लेकरं असतील तिथं, लोक बरोब्बर ओळखतील."

"मग काय ठेवू?"

मावशींनी थोडा विचार केला.

"देसाईगंज ठेव."