कोडेवाले गुरुजी

जालन्यात गांधी चमनजवळच्या हॉटेलात, भोकरदनच्या बसस्थानकासमोर, परतूरच्या कटिंगच्या दुकानात, कुठंही बघा, हे गुरुजी बसलेले असतात. ते खरंच शाळेवर होते का, हे कुणी विचारत नाही. पेपर हॉटेलवाल्याचा, चहा शेजाऱ्याचा, पेन कुण्या कंडक्टरचं. चष्मा तेवढा स्वतःचा. पुढाऱ्यांची भांडणं आणि मोंढ्यातले भाव ओलांडून ते थेट शब्दकोड्यावर येतात. पेन्सिलीनं कोडं सोडवणारा माणूस त्यांना मुळातच डळमळीत वाटतो.

‘समर्थ रामदासांचे जन्मगाव, अक्षरे दोन’ आलं की आवाज चढतो. “जांब! तालुका घनसावंगी! बसा म्हणावं पुण्यावाल्यांनो डोकं खाजवत!” ‘मोसंबी’ जुळली तर विचारूच नका. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते जणू यांच्याच सहीनं.

अडचण येते ती आडवं-उभं एकमेकांना भिडतं तिथं. आडवा ‘जालना’ झोकात बसतो. त्यातल्या शेवटच्या ‘ना’वरून खाली उतरायचं असतं ‘डोळा, अक्षरे तीन’कडे. गुरुजी निर्विकारपणे ‘नायन’ लिहून मोकळे.

“गुरुजी, नयन ना?”

“जुन्या मराठीत चालतं.”

जुनी मराठी ही गुरुजींची राखीव फौज. तीही कमी पडली तर एका घरात दोन अक्षरं दाटीवाटीनं बसवतात. एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसतोच की.

परवा एका पोरानं मोबाइलात बघून सांगितलं, की पहिलं कोडं आर्थर विन नावाच्या माणसानं २१ डिसेंबर १९१३ला न्यूयॉर्कच्या पेपरात छापलं. गुरुजी हसले. “पोरा, त्यांना काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. त्यांना काय, कोडी सुचणारच!”

उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, पण गुरुजी ते बघत नाहीत. सोडवलेल्या कोड्याचं उत्तर बघायचं म्हणजे स्वतःवरच अविश्वास. एकदा मात्र हॉटेलवाल्यानं त्यांची भजी नेमकी त्याच कागदात बांधून दिली. तेलाच्या डागातून ‘नयन’ स्वच्छ दिसत होतं. सगळं हॉटेल गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिलं. गुरुजींनी एक भजं तोंडात टाकलं, चष्मा सरळ केला आणि म्हणाले, “बघा, छापताना काना पडला!”